साध्य की असाध्य : सातारा-सांगलीतील श्वसनरोगाच्या साथी आणि परिणामाचे भाकीत

दुखण्याचे नाव काय, यापेक्षा रोगी त्यातून उठेल की नाही, हा प्रश्न घरच्या माणसांना नेहमीच अधिक जवळचा वाटत आला आहे, आणि भारतीय वैद्यकानेही त्याला चिकित्सेच्या आधीचे स्थान दिले होते. चरकसंहितेत व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे वर्ग केलेले आढळतात. त्यांतील याप्य म्हणजे पुरता बरा न होणारा, परंतु पथ्य व औषध यांनी आवरून धरता येणारा रोग. त्याच ग्रंथातील इंद्रियस्थानाचे १२ अध्याय केवळ अरिष्टांना, म्हणजे मृत्यू जवळ आल्याचे सुचवणाऱ्या वर्ण, स्वर, गंध, छाया व श्वास यांतील बदलांना दिलेले आहेत. असाध्य रोग हाती घेणारा वैद्य धन, विद्या आणि यश गमावतो, असा इशाराही चरकाने दिला आहे. त्यात वैद्याच्या लौकिकाची काळजी दिसते हे खरे, पण रोग्याच्या आप्तांना खोटी आशा लावू नये हा सद्भावही दिसतो. नाडीवरून भाकीत करण्याची पद्धत चरक-सुश्रुतांत नाही, ती पुढे शार्ङ्गधराच्या ग्रंथात येते, आणि महाराष्ट्रातील वैद्यांच्या व्यवसायात तिला जे महत्त्व आले ते त्यानंतरचे आहे.

आजच्या वैद्यकात या विचाराचा मोठा भाग बायोमार्करकडे, म्हणजे जैवनिर्देशकाकडे गेला आहे. रक्तात किंवा शरीराच्या अन्य द्रवांत मोजता येणारा आणि रोगाची अवस्था किंवा पुढचा प्रवास सुचवणारा घटक, असा त्याचा अर्थ. विषाणूजन्य श्वसनरोगांच्या बाबतीत या निर्देशकांचा इतिहास सहसा स्टॉकहोम, न्यूयॉर्क किंवा वुहान येथून सांगितला जातो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून तो पाहिला, तर त्याची एक निराळी बाजू ध्यानात येते. हे दोन जिल्हे एकेकाळी बऱ्याच अंशी एकच होते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत ही विलीन झालेली संस्थाने मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा करण्यात आला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस जावळी, पाटण, शिराळा हा सह्याद्रीचा पावसाळी पट्टा, मध्ये कृष्णाकाठची उसाची सुपीक जमीन, आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी मुलूख, अशी या प्रदेशाची रचना आहे. मोठी रुग्णालये मात्र पूर्वीपासून मधल्या पट्ट्यात, मिरज, सांगली, कराड आणि सातारा येथे एकवटलेली आहेत. त्यामुळे येथे भाकिताचा प्रश्न केवळ ज्ञानाचा राहत नाही; कोणत्या रोग्याला, कोणत्या दिवशी, किती दूर हलवायचे, हा त्याचा व्यवहारातील अर्थ असतो.

१९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत पसरला तेव्हा त्याची पहिली फेरी तुलनेने सौम्य होती, परंतु सप्टेंबरात सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीने अवघ्या काही आठवड्यांत दख्खन व्यापले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि पुण्याहून सातारा रोड, कराडवरून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग माणसांबरोबर रोगही पुढे नेत होता. साथीच्या प्रसारात रेल्वेचा वाटा मोठा असल्याचे त्या वेळच्या सरकारी आरोग्य अहवालातही नोंदवले गेले. मुंबई इलाख्यात सुमारे १० लाख माणसे दगावली, आणि १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. महाराष्ट्राच्या खेड्यांनी या साथीला मानमोडी असे नाव दिले. ज्येष्ठांबरोबर ऐन विशी-तिशीतील धडधाकट माणसेही तिने नेली, म्हणजे वय आणि शरीरयष्टी पाहून अंदाज बांधण्याची नेहमीची रीत या आजारात निरुपयोगी ठरली.

त्या साथीत जगभरच्या डॉक्टरांनी सर्वांत अधिक विश्वास ठेवला तो एका रंगावर. चेहरा, ओठ आणि कान यांवर जांभळट निळी झाक चढली की रोगी बहुधा वाचत नाही, असा अनुभव युरोपातील लष्करी रुग्णालयांनी नोंदवला; फुफ्फुसे द्रवाने भरून रक्तातील प्राणवायू घटल्याची ती खूण होती. सूक्ष्मदर्शक हाताशी असलेल्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती, ती म्हणजे नेहमीच्या न्यूमोनियात पांढऱ्या पेशी वाढतात, तर या रोगात त्या अनेकदा कमी होतात. विषाणूजन्य श्वसनरोगाच्या रक्तातील निर्देशकांची ही एक आरंभीची नोंद म्हणता येईल. ती तालुक्याच्या दवाखान्यात उपयोगी पडणे मात्र शक्य नव्हते, आणि निळेपणाची खूणही सावळ्या कातडीवर उशिरा दिसते. ती जिभेवर, नखांवर आणि ओठांच्या आतल्या बाजूस शोधावी लागते. त्या काळी रोग्याच्या बाजूने उभी राहू शकणारी संस्था या भागात प्रामुख्याने मिरजेत होती. मूळचे कॅनडातील मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, आणि १८९४ मध्ये त्यांचे मिरजेतील रुग्णालय सुरू झाले. पुढे तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले, आणि दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक येथून रोगी मिरजेस येण्याची जी वहिवाट पडली ती आजही टिकून आहे. १९१८ मध्ये मिरजेतील डॉक्टरालाही नाडी, श्वासाची गती, तापाचा आलेख आणि चेहऱ्याचा रंग यांपलीकडे भाकिताचे फारसे साधन नव्हते.

योगायोग असा, की ज्या वर्षी मानमोडी आली त्याच १९१८ मध्ये स्वीडनमध्ये रॉबर्ट फोरेउस यांनी रक्ताच्या एका साध्या गुणधर्माकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. गोठू न दिलेले रक्त उभ्या नळीत ठेवले तर तांबड्या पेशी सावकाश खाली बसतात, आणि शरीरात दाह असेल तर त्या अधिक वेगाने बसतात, कारण दाहाच्या वेळी रक्तात वाढलेली काही प्रथिने तांबड्या पेशींना एकमेकींस चिकटवतात. पोलंडचे एडमंड बिएर्नाकी यांनी ही गोष्ट १८९७ मध्येच सांगितली होती. १९२१ मध्ये आल्फ वेस्टरग्रेन यांनी क्षयरोग्यांच्या संदर्भात तिची पद्धत बसवून दिली. तासाभरात पेशींचा स्तंभ किती मिलिमीटर खाली गेला एवढेच त्यात मोजायचे असते, आणि ईएसआर या नावाने ती तपासणी आजही प्रत्येक गावातील पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर असते.

क्षय हा जिवाणूचा रोग, विषाणूचा नव्हे. तरीही श्वसनरोगातील भाकिताचा विचार करताना तो टाळता येत नाही, कारण रोग्याची स्थिती आठवड्यामागून आठवडा मोजत राहण्याची शिस्त वैद्यकाला क्षयाच्या आरोग्यधामांनी लावली, आणि सातारा-सांगली हा त्या आरोग्यधामांचाच प्रदेश आहे. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर सॅनेटोरियम स्थापन केले, जे पुढे रेडक्रॉसकडे गेले. सांगली व मिरज यांच्या दरम्यान वॉनलेसवाडी येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयरुग्णालय उभे राहिले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडेपर्यंत क्षयावर नेमके औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती, सकस आहार आणि क्वचित शस्त्रक्रिया एवढेच उपाय होते, आणि म्हणून वजन, सायंकाळचा ताप, थुंकी आणि पेशी बसण्याचा वेग यांच्या नोंदींना सॅनेटोरियमच्या वैद्यकात जगभर मोठे स्थान मिळाले. एकाच दिवसाच्या आकड्याला अर्थ कमी, त्याच्या चढउताराला अर्थ अधिक, हे त्या पद्धतीचे मर्म होते. २०२१ च्या उन्हाळ्यात ते मर्म विसरले गेल्याने जे झाले त्याकडे पुढे वळायचे आहे.

आज ज्या प्रथिनाचे नाव सर्वांत अधिक ऐकू येते त्याचा शोधही फुफ्फुसाच्या रोगातूनच लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना १९३० मध्ये असे आढळले, की न्यूमोनियाच्या तीव्र अवस्थेतील रोग्यांच्या रक्तद्रवात एक पदार्थ असतो, जो न्यूमोकॉकस जिवाणूच्या पेशीभित्तीतील 'सी' नावाच्या शर्करेशी संयोग पावून साका तयार करतो, आणि रोगी बरा झाला की तो नाहीसा होतो. त्याचेच नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अर्थात सीआरपी. संसर्गाला तोंड देणाऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ हा संदेशवाहक रेणू सोडतात, तो यकृताला पोहोचला की यकृत सीआरपी बनवू लागते, काही तासांत त्याची पातळी चढते आणि दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठते. दाह ओसरला की ती तितक्याच लगबगीने उतरते. यकृत हा निरोप पोहोचवते ते पत्राच्या मजकुरासारखे नव्हे, तर तारेच्या घंटेसारखे: काहीतरी घडले आहे एवढे कळते, काय घडले ते कळत नाही. म्हणूनच विषाणू आणि जिवाणू यांत फरक करण्यासाठी १९९० च्या दशकापासून प्रोकॅल्सिटोनिन या दुसऱ्या घटकाची जोड घेतली जाऊ लागली, कारण तो मुख्यतः जिवाणूंच्या गंभीर संसर्गात वाढतो.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत या साऱ्या रसायनांना फारसे स्थान नव्हते. देशातील पहिला मृत्यू त्या वर्षी ऑगस्टच्या आरंभी पुण्यात झाला, आणि निदानाचा भार पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेवर होता, जिची स्थापना १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून झाली होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रोग्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडून दिले. धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब उतरणे, थुंकीतून रक्त आणि नखे निळी पडणे ही लक्षणे असलेला रोगी क वर्गातला, म्हणजे ताबडतोब दाखल करण्याजोगा. ९१ वर्षांपूर्वीची निळी खूण पुन्हा सरकारी परिपत्रकात आली होती, आणि तिचा उपयोगही झाला. परंतु ती दिसेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो, ही तिची उणीवही तशीच कायम होती.

मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातील इस्लामपूर येथे परदेशातून परतलेल्या एका कुटुंबात करोनाचा संसर्ग आढळला आणि काही दिवसांतच त्या साखळीतील रुग्णसंख्या पंचविशीच्या आसपास गेली. मिरजेचे शासकीय रुग्णालय जिल्ह्याचे समर्पित कोविड रुग्णालय झाले. आरंभी पुण्याला जाणारे नमुने लवकरच मिरजेतच तपासले जाऊ लागले. सातारा जिल्ह्यात कराडच्या कृष्णा रुग्णालयाने आणि साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयाने मोठा भार उचलला, आणि साताऱ्यात वस्तुसंग्रहालयासाठी बांधलेल्या इमारतीत जम्बो कोविड रुग्णालय उभे राहिले. इस्लामपूरच्या साखळीतील बहुतेक सारे बरे झाले. एकाच विषाणूने, एकाच काळात, कुणाला चार दिवसांचा ताप आणि कुणाला व्हेंटिलेटर का द्यावा, हा या रोगाचा गाभ्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आगाऊ मिळावे म्हणून जगभर रक्ताचे नमुने तपासले जात होते.

मार्च २०२० मध्येच 'लॅन्सेट'मध्ये वुहानच्या १९१ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील १३७ बरे होऊन घरी गेले होते आणि ५४ दगावले होते. वाढलेले वय, अवयवांच्या बिघाडाचा अधिक गुणांक आणि दाखल होताना डी-डायमर प्रति मिलिलिटर १ मायक्रोग्रॅमहून अधिक असणे, या तीन गोष्टींचा मृत्यूशी ठळक संबंध आढळला. डी-डायमर हा रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा आहे. तो वाढला याचा अर्थ शरीरात कोठेतरी गुठळ्या बनत आणि मोडत आहेत, आणि करोनात त्या फुफ्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत बनत होत्या. त्याच्या जोडीला लोहाचा साठा करणारे फेरिटिन, पेशी फुटल्याने वाढणारे एलडीएच, आणि न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे परस्परांशी प्रमाण हे निर्देशक आले. यांतील शेवटचा विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण १९१८ च्या सूक्ष्मदर्शकाला जे दिसले होते त्याच्याशी तो थेट जोडला जातो, आणि तो साध्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, तपासणीतून, वेगळा पैसा न मोडता, केवळ एका भागाकाराने मिळतो.

या निर्देशकांच्या जोरावर गणिती भाकितांचे पीक आले. मे २०२० मध्ये वुहानच्या ४८५ रोग्यांवरून बांधलेल्या एका प्रारूपाने एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी या तीनच आकड्यांवरून दहा दिवस आधी मृत्यूचे भाकीत ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने करता येते असा दावा केला. इतर देशांतील रोग्यांवर ते तपासले गेले तेव्हा ती अचूकता टिकली नाही. याउलट सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनमधील ३५,००० हून अधिक रोग्यांवरून बांधलेला 'फोर-सी' गुणांक अधिक टिकाऊ ठरला. त्यात वय, लिंग, सहव्याधी, श्वासाची गती, प्राणवायूची पातळी, शुद्धी, युरिया आणि सीआरपी अशा आठच गोष्टी असून ० ते २१ गुण मिळतात. त्यातील निम्म्याहून अधिक गोष्टी खाटेजवळ उभे राहून कळतात, ही बाब सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

किंबहुना या प्रदेशात सर्वांत अधिक माणसे वाचवणारा निर्देशक रक्तातून काढावा लागत नव्हता, असे मत मांडण्यास पुरेसा आधार आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या तत्त्वावर चालतो. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली तेव्हा आशा सेविका आणि स्वयंसेवक तो घेऊन घरोघर गेले; सहा मिनिटे चालून पातळी पुन्हा मोजण्याची चाचणीही याच काळात लोकांना ठाऊक झाली. धाप जाणवण्याआधीच प्राणवायू उतरतो, हे करोनाचे फसवे वैशिष्ट्य त्यामुळे वाडीवस्तीवर उघडे पडू शकले, आणि जतहून सुमारे ऐंशी किलोमीटरवरील मिरजेस रोगी वेळेत निघू शकला. या साधनाचीही मर्यादा आहे: डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत असे दिसून आले, की कृष्णवर्णीय रोग्यांत ऑक्सिमीटरला न दिसलेली प्राणवायूची कमतरता गोऱ्या रोग्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळते. सावळ्या कातडीने १९१८ मध्ये निळी खूण जशी लपवली, तशी ती काही अंशी या यंत्रालाही चकवते, आणि ग्रामीण महाराष्ट्रात ऑक्सिमीटरवर सीमेचा मानलेला ९४ हा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत चित्र पालटले. सातारा व सांगली येथे ही लाट इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा लांबली. ऑगस्टच्या आरंभी राज्याने निर्बंध सैल केले तेव्हा निर्बंध कायम ठेवलेल्या ११ जिल्ह्यांत हे दोन्ही होते. या महिन्यांत सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच आणि इंटरल्यूकिन-६ यांचा एकत्र संच 'कोविड प्रोफाइल' म्हणून विकला जाऊ लागला, आणि छातीच्या सीटी स्कॅनवरून मिळणारा २५ पैकीचा 'एचआरसीटी स्कोर' घराघरांत उच्चारला जाऊ लागला. त्या स्कॅनचे दर राज्य सरकारला २,००० ते ३,००० रुपयांच्या मर्यादेत बांधून द्यावे लागले होते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मध्यम आजाराच्या रोग्यात सीआरपी आणि डी-डायमर ४८ ते ७२ तासांनी आणि इंटरल्यूकिन-६ प्रकृती ढासळत असेल तरच तपासावे असे सांगत होत्या. दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि रक्तातील निर्देशक यांची गरज नसल्याचे जाहीरपणे सांगितले. तरीही भयापोटी निरोगीप्राय माणसांचे अहवाल मोबाइलवर फिरत राहिले. प्रत्यक्षात एकाच नावाच्या तपासणीचे आकडे दोन लॅबमध्ये दोन एककांत असत: सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅम की डेसिलिटरमागे, यात दहापटीचा फरक पडतो, आणि डी-डायमर मोजण्याच्या दोन एककांत सुमारे दुपटीचा.

आकड्याच्या या भयाची किंमत औषधाने वसूल केली. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने घटतात हे दाखवले, आणि ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना त्याचा लाभ नाही हेही तितक्याच स्पष्टपणे दाखवले. सीआरपी किंवा स्कोर वाढला एवढ्यावरून, प्राणवायू ठीक असतानाही, घरच्या घरी स्टिरॉइड सुरू होणे हे त्या निष्कर्षाच्या नेमके उलट होते. मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या समाजात त्याने साखर चढवली, आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाला वाट मोकळी करून दिली. याच चाचणीने निर्देशकाचा योग्य वापरही दाखवून दिला: प्राणवायू उतरलेला आणि सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा अधिक, अशा दोन अटी एकत्र पूर्ण करणाऱ्या रोग्यांनाच टोसिलिझुमॅब हे औषध दिले गेले आणि त्यांचे मृत्यू कमी झाले.

परक्या देशात ठरलेल्या मर्यादा येथे जशाच्या तशा लागू करता येतील का, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाचा साठाच रिता असलेल्या बाईचे फेरिटिन दाहामुळे चढले तरी कागदावर ते नेहमीच्या मर्यादेत दिसू शकते, आणि धोका झाकला जाऊ शकतो. गरोदरपणी आणि उतारवयात डी-डायमर मुळातच अधिक असतो. हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात येणारे ऊसतोड मजूर, जुन्या क्षयाने फुफ्फुसे आखडलेले रोगी, माण-खटावमधील एकटे राहणारे वृद्ध, यांपैकी कोणीही वुहानच्या १९१ किंवा ब्रिटनच्या ३५,००० रोग्यांत नव्हते. त्यांच्यासाठी मर्यादा ठरवायच्या तर मिरज, सांगली, कराड आणि सातारा येथील २०२०-२१ चे केसपेपर उघडून पहिल्या दिवशीचे वय, श्वासाची गती, प्राणवायू, लिम्फोसाइट, युरिया व सीआरपी यांची रोग्याच्या अंतिम परिणामाशी सांगड घालावी लागेल, आणि दहिवडी, पाटण, शिराळा, जत अशा ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयांत दोन दिवसांच्या अंतराने दोन सीबीसी, त्याच दिवशी हाती येणाऱ्या अहवालासह, होतील अशी व्यवस्था पुढच्या साथीच्या आधी करावी लागेल.